पाहुण्या निवेदकाच्या हाती कार्यक्रम सोपवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या स्थानिक सार्वजनिक रेडिओ केंद्रावरून आठवड्यातून एकदा तासाभराचा संवादाचा कार्यक्रम थेट प्रसारित होतो, त्यात एका पाहुण्याची मुलाखत असते आणि श्रोत्यांचे फोन घेतले जातात. नेहमीच्या निवेदिका काही महिने रजेवर जाणार असल्याने त्या काळात परिसरातील नागरिकांनाच निवेदनासाठी बोलवावे असा आपला विचार आहे. किती माणसे बोलवावीत, ती कशी निवडावीत, त्यांची तयारी किती व कशी करून घ्यावी आणि कार्यक्रमाची घडी विस्कटणार नाही याची काळजी कशी घ्यावी, असे आपण विचारले आहे. निर्माता म्हणून अशा कार्यक्रमांच्या वेळी स्टुडिओच्या काचेपलीकडे, नियंत्रण कक्षात, मी बरीच वर्षे बसलो आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. पाहुण्या माणसाला व्यावसायिक निवेदक बनवण्याचा खटाटोप करू नये. ज्या विषयाची त्याला आतून जाण आहे त्या विषयावर त्याला मोकळेपणाने बोलता आणि विचारता येईल अशी व्यवस्था उभी करावी. वेळ, तांत्रिक बाजू आणि कायदेशीर जबाबदारी मात्र पूर्णपणे केंद्राने स्वतःकडे ठेवावी. असे कार्यक्रम जेव्हा फसतात तेव्हा बहुधा याच्या उलट झालेले असते: विषय केंद्राने ठरवलेला असतो, प्रश्नही केंद्रानेच लिहून दिलेले असतात, आणि घड्याळ, फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची सरकती कळ) व फोनच्या लाइन सांभाळण्याचे काम मात्र पहिल्यांदाच स्टुडिओत आलेल्या माणसाच्या गळ्यात पडलेले असते.

म्हणून आधी पाहुण्याकडे नेमके काय सोपवायचे ते ठरवावे. बीबीसीच्या रेडिओ ४ वरील ‘टुडे’ या सकाळच्या कार्यक्रमात २००३ सालापासून नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या दिवसांत पाहुणे संपादक बोलावले जातात. ते विषय निवडतात, कोणाला बोलते करावे हे सुचवतात, पण निवेदन नेहमीचेच निवेदक करतात. विविध भारतीच्या ‘विशेष जयमाला’ची रचना नेमकी उलटी आहे. तिथे चित्रपटसृष्टीतील व्यक्ती स्वतः माइकसमोर बसून फौजी बांधवांशी बोलतात, आपल्या आवडीची गाणी ऐकवतात आणि आठवणी सांगतात; मात्र त्यांना कोणाची मुलाखत घ्यायची नसते आणि असा कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करून संपादित करता येतो. आपल्या कार्यक्रमात थेट प्रसारण, मुलाखत आणि श्रोत्यांचे फोन असे सर्वच एकत्र आहे, आणि नवख्या माणसासाठी हा सर्वांत अवघड प्रकार आहे. तो अशक्य आहे असे मी म्हणत नाही, परंतु प्रत्येक पाहुण्याचा पहिला भाग तरी थेट पद्धतीने, मध्ये न थांबता ध्वनिमुद्रित करून दोन दिवसांनी प्रसारित करावा. फोनऐवजी श्रोत्यांचे प्रश्न आधी मागवून घ्यावेत. दुसऱ्या भागापासून थेट प्रसारणाकडे जाता येईल.

प्रशिक्षण नसलेल्या नागरिकाच्या हाती माइक देणे योग्य आहे का, असा आक्षेप आपल्या सल्लागार समितीत कोणीतरी घेईलच. त्याला उत्तर देताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. अमेरिकेत बर्कली येथे १५ एप्रिल १९४९ रोजी सुरू झालेले केपीएफए हे केंद्र जाहिरातींऐवजी श्रोत्यांच्या वर्गणीवर उभे राहिले आणि अशा केंद्रांवर स्वयंसेवकांनी कार्यक्रम करण्याची परंपरा आता कित्येक दशकांची आहे. भारतात २००६ सालच्या धोरणाने सामुदायिक रेडिओचे दार स्वयंसेवी संस्थांना उघडले, तेव्हा निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत अशी अटच घातली गेली. लोकांच्या पैशावर किंवा लोकांच्या नावाने चालणाऱ्या केंद्रावर लोकांनी बोलणे हा त्या केंद्राच्या कामाचाच भाग आहे. आक्षेप असलाच तर तो अपुऱ्या तयारीवर असावा, आणि तयारी करून घेणे हे आपले काम आहे.

निवडीबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो: उत्तम वक्ता शोधू नका. व्यासपीठावर बोलण्याची सवय असलेली माणसे माइकसमोरही समुदायाला उद्देशून बोलू लागतात. त्यांचा आवाज चढतो, वाक्ये लांबतात आणि ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ हा सूर काही केल्या जात नाही. रेडिओ ऐकणारा माणूस बहुधा एकटा असतो, हातातले काम करता करता ऐकत असतो, आणि त्याच्याशी बोलायचे ते समोर बसलेल्या एका माणसाशी बोलावे तसेच. त्यामुळे संस्थांचे पदाधिकारी आणि सभांचे सूत्रसंचालक यांच्या यादीपासून सुरुवात करण्याऐवजी, अडचण आली की लोक कोणाकडे विचारायला जातात याचा शोध घ्यावा. ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर बसणारी व्यक्ती, रात्रपाळीची परिचारिका, शाळेच्या बसची चालक, निवृत्त टपाल कर्मचारी अशा माणसांना आपल्या भागातले प्रश्न ठाऊक असतात आणि समोरच्याचे ऐकून घेण्याची सवयही असते.

निवडीची माझी चाचणी साधी आहे. त्या व्यक्तीला स्टुडिओत बोलावून सांगावे की पुढची दहा मिनिटे तुम्ही माझ्या कामाबद्दल मला प्रश्न विचारा, आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित करावे. नंतर ऐकताना आवाज गोड आहे की नाही, उच्चार प्रमाण आहेत की नाहीत, याकडे लक्ष देऊ नये. आपण दिलेल्या उत्तरातला एखादा धागा पकडून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला का, एवढेच तपासावे. ज्या व्यक्तीने असे दोन-तीनदा केले तिला बाकी सर्व शिकवता येते. जी व्यक्ती मनात ठरवून आणलेले प्रश्न एकामागून एक विचारत गेली, तिचा विषयाचा अभ्यास कितीही असला तरी तिला निवेदकाऐवजी मुलाखतीची पाहुणी म्हणून बोलावणे अधिक योग्य ठरते. बोलीचा लहेजा मात्र कधीही बदलायला लावू नये. विशेषनामे, आकडे आणि तारखा नीट ऐकू आल्या म्हणजे पुरे.

तयारीचा सर्वाधिक वेळ प्रश्नांवर खर्च व्हावा. पाहुण्या निवेदकाचे खरे मोल इथेच दिसते. पाणीपुरवठ्याच्या झडपा उघडण्या-मिटण्याचे काम आयुष्यभर केलेल्या एका निवृत्त कर्मचाऱ्यांना आम्ही निवेदक म्हणून बसवले होते आणि समोर मुलाखतीसाठी पाणीपुरवठा विभागाचे अभियंता होते. आमच्या नेहमीच्या पद्धतीने प्रश्न निघाला असता तो असा: पाणी सर्वांना समान का मिळत नाही? त्यावर ठराविक उत्तर येते, योजना सांगितल्या जातात आणि वेळ निघून जातो. या गृहस्थांनी विचारले, ‘साहेब, मधल्या टाकीत किती पाणी साठल्यावर वरच्या वस्तीची झडप उघडायचा नियम आहे, आणि पातळी तेवढी नसेल तेव्हा न उघडण्याचा निर्णय कोण घेतो?’ अभियंता क्षणभर थांबले आणि मग त्यांनी अतिशय प्रामाणिकपणे, तपशीलवार उत्तर दिले, कारण प्रश्न विचारणाऱ्याला काम कळते हे त्यांना समजले होते. असा प्रश्न कोणत्याही व्यावसायिक निवेदकाला सुचला नसता, आणि तो आम्ही लिहूनही देऊ शकलो नसतो.

तेव्हा प्रश्न लिहून देऊ नयेत. ते त्या व्यक्तीच्या तोंडून काढून घ्यावेत. प्रसारणाच्या आठवडाभर आधी तासभर गप्पा माराव्यात आणि ‘या माणसाला भेटल्यावर तुम्हाला खरोखर काय विचारायचे आहे?’ असे पुनःपुन्हा विचारत राहावे. पहिली चार-पाच उत्तरे औपचारिक येतात. भीड चेपली की खरे प्रश्न बाहेर येतात. ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावेत. तासाभरासाठी सहा किंवा सात मुख्य प्रश्न पुरेसे असतात, आणि त्यांतले कोणते दोन काहीही झाले तरी सुटता कामा नयेत हे आधीच ठरवून ठेवावे. विषय एकच असावा. ‘आपल्या भागातील समस्या’ असा ऐसपैस विषय नवख्या माणसाला बुडवतो, आणि ‘संध्याकाळी सातनंतर बस का मिळत नाही’ असा नेमका विषय त्याला तारतो.

संहितेबाबत मी मध्यम मार्ग धरतो. कार्यक्रमाची सुरुवात आणि शेवट शब्दशः लिहिलेले असावेत, मधला भाग मुद्द्यांच्या स्वरूपात असावा. सुरुवातीचे निवेदन आपण लिहून दिले तर ते वाचल्यासारखे वाटते. त्याऐवजी त्या व्यक्तीला आजचा विषय काय आहे ते बोलून सांगायला लावावे, ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, कागदावर उतरवावे आणि त्यातली पुनरुक्ती तेवढी काढून त्यांना परत द्यावे. वाचताना ते आपल्याच बोलण्याच्या लयीत वाचतात. कागद एका बाजूला छापलेले, मोठ्या अक्षरांतले आणि न टाचलेले असावेत. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नये, कारण पान उलटण्याचा आवाज आणि वाक्यात पडलेला खंड दोन्ही एकदमच प्रसारित होतात.

स्टुडिओची ओळख प्रसारणाच्या दिवशी करून देण्यात अर्थ नाही. ती किमान दोन दिवस आधी व्हावी. बहुतेक केंद्रांवर एकाच दिशेचा आवाज प्रामुख्याने टिपणारे माइक असतात. तोंड अशा माइकच्या फार जवळ गेले की आवाजातला खर्ज अनैसर्गिकपणे वाढतो, आणि दूर गेले की खोलीचा घुमारा येऊ लागतो. साधारण वीतभर अंतर ठेवावे आणि माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला वळवावा, म्हणजे प, फ, ब, भ या वर्णांच्या उच्चाराबरोबर सुटणारा हवेचा झोत थेट त्यावर आदळत नाही. मराठीत फ, भ, ध यांसारखे महाप्राण वर्ण मोठ्या संख्येने येत असल्याने ही काळजी अधिकच घ्यावी लागते. नवखा माणूस बोलता बोलता पाहुण्याकडे वळतो आणि आवाज माइकपासून सुटतो. यावर उपाय म्हणजे बसण्याची मांडणीच अशी करावी की पाहुणा माइकच्या पलीकडे, नजरेच्या रेषेत बसेल. बांगड्या, किल्ल्यांचा जुडगा, करकरणारी खुर्ची आणि खिशातला मोबाइल यांची तपासणी निर्मात्याने स्वतः करावी.

हेडफोन हा वेगळा विषय आहे. स्वतःचा आवाज पहिल्यांदाच कानात ऐकणारा माणूस दचकतो, आणि हेडफोनचा आवाज मोठा असेल तर नकळत हळू बोलू लागतो. तालमीच्या वेळी निदान अर्धा तास हेडफोन लावून गप्पा मारू द्याव्यात, आणि आवाज शक्य तितका कमी ठेवावा. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टॉकबॅक, म्हणजेच काचेपलीकडून निवेदकाच्या हेडफोनमध्ये बोलण्याची सोय. अनुभवी निवेदकाच्या कानात आपण बोललो तरी त्याचे वाक्य तुटत नाही. ही सवय अंगवळणी पडायला खूप काळ लागतो. पाहुण्या निवेदकाच्या कानात, तो बोलत असताना, एक शब्दही बोलू नये. ‘दोन मिनिटे राहिली’ एवढे ऐकले तरी तो वाक्य अर्धवट सोडून काचेकडे पाहू लागतो. सूचना द्यायच्या त्या मोठ्या अक्षरांतल्या कार्डांवर, आणि त्याही मोजक्या: ‘पाच मिनिटे’, ‘दोन मिनिटे’, ‘फोन’, ‘आता समारोप’. ध्वनिमुद्रित तुकडा किंवा गाणे चालू असतानाच टॉकबॅक वापरावा.

घड्याळाचे गणित पूर्णपणे निर्मात्याने करावे. तासाच्या ठोक्याला बातम्या किंवा अन्य केंद्राचे प्रसारण जोडायचे असेल तर शेवटाकडून उलटी मोजणी करून ठेवावी लागते: समारोपाच्या निवेदनाला किती सेकंद लागतात हे तालमीत मोजावे, सिग्नेचर ट्यून (कार्यक्रमाची ओळखधून) किती लांबीची आहे ते पाहावे, आणि त्यावरून ‘आता समारोप’ हे कार्ड नेमके कोणत्या क्षणी दाखवायचे ते क्यू शीटवर (कोणत्या क्षणी काय करायचे याच्या कागदावर) लिहून ठेवावे. नवख्या माणसाला आभार मानायला ठरल्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून एका मिनिटाची सूट हाताशी ठेवावी. कार्यक्रम लवकर संपला तर वाजवण्यासाठी शब्दांविना संगीताचा तुकडा आणि लांबला तर वगळता येईल असा एक प्रश्न, हे दोन्ही आधीच ठरवलेले असावे.

शांततेबद्दलही सांगितले पाहिजे. आपण रेडिओवाले दोन सेकंद आवाज थांबला तरी अस्वस्थ होतो. रात्रपाळीत काम करणाऱ्या एका परिचारिकेने निवेदन केले तेव्हा तिने आजारी आईची सेवा करणाऱ्या मुलाला विचारले की पहाटे कोणाशी बोलता. तो गप्प झाला. तिनेही घाई केली नाही. चार-पाच सेकंद गेले, आणि मग त्याने जे सांगितले ते त्या संपूर्ण तासाचे सार होते. मी काचेपलीकडून ‘पुढचा प्रश्न’ असे कार्ड दाखवले असते तर ते कधीच बाहेर आले नसते. रुग्णाच्या खाटेशी बसण्याची सवय असलेल्या व्यक्तीला थांबणे कळते, हे निवेदनाच्या प्रशिक्षणातून येत नाही. मात्र एक तांत्रिक दक्षता घ्यावी: अनेक केंद्रांवर ठरावीक सेकंद आवाज आला नाही की इशारा देणारी किंवा आपोआप राखीव ध्वनिमुद्रण सुरू करणारी यंत्रणा असते. तिची मर्यादा किती सेकंदांची आहे हे तंत्रज्ञांकडून आधी विचारून घ्यावे.

आता नियमांकडे वळतो. येथे सौजन्यापोटी ढिलाई करू नये, कारण पाहुणा निवेदक काही बोलला तर उत्तर परवानाधारक केंद्रालाही द्यावे लागते. पहिला प्रश्न राजकारणाचा आहे. अमेरिकेत १९३४ च्या संप्रेषण कायद्यातील कलम ३१५ प्रमाणे निवडणुकीतला उमेदवार निवेदक म्हणून बसला तर त्याचे प्रतिस्पर्धी तशीच संधी मागू शकतात. भारतातील सामुदायिक केंद्रांना तर राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करण्यासच मनाई आहे. आपल्या देशाचा नियम कोणताही असो, उमेदवार असलेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या व्यक्तीला निवेदकाच्या खुर्चीत बसवू नये आणि हे निवडीच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे. दुसरा प्रश्न हितसंबंधांचा. पाहुणा निवेदक ज्या संस्थेत काम करतो तिचा उल्लेख ओघात येणारच, आणि तो लपवण्यापेक्षा सुरुवातीलाच ‘मी अमुक संस्थेत काम करतो’ असे सांगून टाकणे श्रोत्यांशी प्रामाणिक ठरते. परंतु वस्तूची किंमत सांगणे, ‘जरूर या’ असे आवाहन करणे, इतरांशी तुलना करणे हे अमेरिकेतील अव्यावसायिक केंद्रांना प्रायोजकांच्या उल्लेखातही करता येत नाही, आणि नियम नसलेल्या ठिकाणीही ही मर्यादा पाळण्यासारखी आहे.

बदनामीकारक विधानाची शक्यता थेट फोनमध्ये सर्वाधिक असते. फोन आधी एका सहकाऱ्याने घ्यावा, नाव व प्रश्न विचारून घ्यावा आणि मगच लाइन स्टुडिओत द्यावी. काही सेकंद विलंबाने प्रसारण करणारी यंत्रणा उपलब्ध असेल तर या काळात ती अवश्य वापरावी. श्रोत्याने एखाद्या व्यक्तीचे नाव घेऊन आरोप केला तर निवेदकाने काय म्हणायचे ते वाक्य तोंडपाठ करून घ्यावे: ‘ज्यांचे नाव आपण घेतले ते येथे उत्तर द्यायला उपस्थित नाहीत, त्यामुळे आपण मूळ प्रश्नावर बोलूया.’ फेडर खाली आणण्याचा निर्णय निर्मात्याचा, निवेदकाचा नव्हे, हेही त्याला आधी सांगावे, म्हणजे त्याच्यावर ओझे राहत नाही. गाणी वाजवायची असतील तर ती केंद्राच्या संग्रहातून द्यावीत; प्रसारणाचा परवाना असला तरी तोच कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून ठेवण्याचा हक्क त्यात असतोच असे नाही. प्रत्येक प्रसारणाचे पूर्ण ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. भारतातील सामुदायिक केंद्रांना ते तीन महिने ठेवणे बंधनकारकच आहे. ध्वनिमुद्रण पुढे कुठे आणि किती काळ वापरले जाईल याची लेखी संमती पाहुण्या निवेदकाकडून आधीच घ्यावी, आणि शक्य असेल तर मानधन द्यावे, कारण नोकरीतली रजा टाकून येणाऱ्या माणसाचा वेळ फुकट धरणे योग्य नाही.

किती पाहुणे निवेदक बोलवावेत, या आपल्या प्रश्नावर माझे मत बहुतेक केंद्रांच्या प्रथेपेक्षा वेगळे आहे. दर आठवड्याला नवा चेहरा आणण्याने अधिक लोकांना संधी मिळाल्याचे समाधान मिळते, पण प्रत्येक जण आपला पहिलाच कार्यक्रम करून निघून जातो. पहिल्या वेळी माणसाचे सगळे लक्ष माइक, दिवा आणि कागद यांच्यावर असते. त्यानंतरच तो समोरच्याचे खऱ्या अर्थाने ऐकू लागतो. त्यामुळे बारा आठवड्यांसाठी बारा जणांऐवजी चार जण निवडावेत आणि प्रत्येकाला सलग तीन भाग द्यावेत. ज्यांना संधी मिळाली नाही त्यांना मुलाखतीसाठी किंवा विषय सुचवण्यासाठी बोलवता येते.

कार्यक्रम संपल्यावर लगेच चुका सांगू नयेत. त्या वेळी माणूस थकलेला आणि हळवा झालेला असतो. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ध्वनिमुद्रण ऐकावे. आधी त्यांनाच विचारावे की कुठे बरे वाटले आणि कुठे अडल्यासारखे झाले, आणि पुढच्या भागासाठी सुधारणेच्या एक किंवा दोनच गोष्टी सांगाव्यात. नियमित श्रोत्यांपैकी काही जण ‘आमचा नेहमीचा आवाज कुठे गेला’ म्हणून तक्रार करतील. रजेवर जाण्यापूर्वीच्या शेवटच्या भागात निवेदिकेने स्वतः या सर्वांची ओळख करून दिली तर या तक्रारी बऱ्याच कमी होतात, आणि पाहुण्यांनाही आपण कोणाची तरी जागा बळकावत आहोत असे वाटत नाही. त्या परत आल्यावर पहिल्या महिन्यात एखादा भाग यांपैकी एकासोबत जोडीने करावा. परतीची तारीख आणि जोडीचा तो भाग, दोन्ही आत्ताच वेळापत्रकात लिहून ठेवावेत.